ओवाळणीतला कॉम्प्युटर

अडाजणच्या बाजूला पोंकाच्या गाड्या लागल्या की लोकांना भूक लागते आणि मला राग येतो. आता पोंक ही काही रागवण्यासारखी वस्तू नाही. कोवळी हिरवी ज्वारी, कणसं निखाऱ्यात खुपसून भाजायची, कापडात गुंडाळून झोडपायची, आणि ते वाफाळते दाणे लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर मूठमूठ तोंडात टाकायचे. सगळी सुरत त्यासाठी वेडी होते. मीही खाते. रागारागात खाते आणि नेहमीपेक्षा जास्तच खाते.

आमची माय मात्र पन्नास वर्षं सुरतेत काढूनही पोंकाला नाक मुरडत राहिली. "आपला हुरडानी सर नही याले," हे तिचं ठरलेलं वाक्य. आम्ही खानदेशातले. घरात अहिराणी, गल्लीत गुजराती, आणि कोणी शिकलेलं मराठी माणूस आलं की जरा जपून मराठी. आबा, आमचे वडील, सुरतेतल्या उधन्याला लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचे. त्या आवाजात त्यांचे कान गेले, आणि माझे का कोण जाणे तयार झाले. लूमचा धोटा एक वेळ चुकला तरी मला दारातून कळायचं. हे सांगायचं कारण पुढे येईल.

तो हिवाळा नव्वदीच्या मधल्या वर्षांतला. दादाचं गॅरेज उधन्यालाच, लूमच्या शेडांच्या मागे. सुभाष त्याचं नाव, माझ्याहून मोठा, हाताला विलक्षण गुण असलेला. इंजिन उघडायचा तेव्हा असा हळुवार की वाटावं, आजारी माणसाचा सदरा काढतोय. मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलेलं आणि एका क्लासमध्ये कापडवाल्यांच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवत होते. तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायची पद्धत होती. देवघरात शिरावं तशी मुलं शिरायची आणि आत जाऊन गेम खेळत बसायची.

अशात केतनभाई आले. पलसाण्याला त्यांच्या वडिलांची डाइंग मिल. स्वतः तरुण, परदेशी मासिकं वाचणारे, गोड बोलणारे. त्यांच्याकडे तीन सिलिंडरची ती छोटी पांढरी गाडी होती. कंपनीचं नाव कशाला घेऊ, तेव्हा निम्म्या देशाकडे तीच गाडी होती. केतनभाईंना तिला टर्बो बसवायचा होता. मुंबईच्या भंगार बाजारातून जपानी टर्बो त्यांनी मिळवूनही आणला होता, वर्तमानपत्रात गुंडाळून, बाळंतिणीच्या बाळासारखा.

टर्बो म्हणजे काय, हे दादाने मला आमच्या ओट्यावर बसून समजावलं. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक पंखा फिरवतो, आणि त्या पंख्याच्या जोडीचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त म्हणजे जोर जास्त. पण जास्त हवेला पेट्रोलही जास्त लागतं, आणि तेही नेमकं. कमी पडलं तर आतली आग भलत्या वेळी पेटते, इंजिन नॉक करायला लागतं, आणि पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. गाडीच्या जुन्या कार्बोरेटरला हा हिशेब झेपणारा नव्हता. पेट्रोल मोजून देणारा कॉम्प्युटर पाहिजे होता. इंजिनाचा कॉम्प्युटर, एवढा डब्याएवढा. कुठला घ्यायचा, हे मात्र दादाला कळत नव्हतं, कारण त्याबद्दल जे काही छापलेलं होतं ते सगळं इंग्रजीत होतं.

भाऊबीज दोन दिवसांवर आली होती. मी म्हटलं, "या वर्षी ओवाळणीत साडी नको मला."

"मग काय पाहिजे? सोन्याची बांगडी? एवढी ऐपत नाही हं माझी, आधीच सांगतो."

"तुझ्या त्या गाडीचा कॉम्प्युटर मी निवडणार. आणि बसवल्यावर त्याला मीच हात लावणार."

तो हसला. भाऊबीजेच्या दिवशी पाटावर बसला, मी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. त्याने ताटात एक नाणं टाकलं आणि मायच्या देखत म्हणाला, "कॉम्प्युटर तू निवड. तुझ्याशिवाय कोणी त्याला हात लावणार नाही. ही तुझी ओवाळणी." मायने कपाळाला हात लावला. पोरीने भावाकडे मागून मागून काय मागितलं, तर गाडीचा डबा!

मी हे इतकं तपशिलात सांगते आहे, कारण पुढे सगळे म्हणाले की असं काही ठरलंच नव्हतं.

निवडण्यात पोंकाचे दिवस येऊन ठेपले. आता हसू येतं, पण नवरामुलगा बघावा तसे आम्ही कॉम्प्युटर बघत होतो. पहिला म्हणजे मुळी कॉम्प्युटरच नव्हता. कार्बोरेटर तसाच ठेवायचा आणि हवेचा दाब वाढला की वरून पेट्रोलची एक जादा पिचकारी मारायची. हा दादाचा जुगाड. मी विचारलं, पिचकारी किती मारायची, ते कोण ठरवणार? तो म्हणाला, अंदाज. अंदाजाने पिस्टन वाचत नाहीत, म्हणून ते स्थळ तिथेच नापास.

दुसरा, त्या जपानी टर्बोबरोबर भंगारातच मिळणारा मूळ कॉम्प्युटर. पण तो त्याच्या स्वतःच्या इंजिनासाठी कारखान्यात शिकून आलेला. आमचं इंजिन वेगळं, आमचं पेट्रोल वेगळं. त्याला नवीन काही शिकवायची सोयच नव्हती. घरचं वळण न सोडणारी मोठ्या घरची सून जशी, तसा तो.

तिसऱ्यावर दादाचा जीव होता. त्या डब्याला बाहेरून स्क्रू होते. एक स्क्रू फिरवला की पेट्रोल कमी-जास्त, दुसरा फिरवला की वेग वाढताना लागणारं पेट्रोल, तिसरा थंड इंजिनासाठी. दादाच्या डोळ्यांसमोर त्याचा तो आवडता पिवळ्या मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर नाचत होता. "याला इंग्रजी लागत नाही," तो म्हणाला.

आणि चौथा, ऑस्ट्रेलियाहून मागवायचा. त्याला लॅपटॉप जोडायचा, आणि पडद्यावर चौकटींचा एक मोठा तक्ता उघडायचा. उभे इंजिनाचे फेरे, आडवा हवेचा दाब. इतके फेरे आणि इतका दाब असेल तर पेट्रोल इतकं, ठिणगी इतकी लवकर, असा एकेका चौकटीत एकेक आकडा. कोरा येतो. आपण भरायचा.

यावरून आमचं जोरात वाजलं. माय भाकरी करत होती, मी तिच्याकडेच बोट दाखवलं. "माय भाकरी भाजते तेव्हा शेगडीचं एकच बटण एकदा फिरवून बसते का? पहिली भाकरी तवा गार असताना, पाचवी तवा तापल्यावर. एक बाजू तव्यावर, दुसरी जाळावर. प्रत्येक वेळी जाळ वेगळा. तुझ्या तीन स्क्रूंत हे सगळं कसं बसेल? एका ठिकाणी बरोबर केलंस की दुसरीकडे करपणार."

मायने मान वर न करता माझ्या बाजूने कौल दिला. "खरं शे तिनं."

दादाने टोपल्यातली भाकरी उलटून दोन्ही बाजू बघितल्या. मग म्हणाला, "बरं. तू निवडलास तो. शब्द दिलाय ना." मला त्याचं इतकं कौतुक वाटलं! आपल्या हाताचा स्क्रू-ड्रायव्हर बाजूला ठेवून बहिणीच्या हातात गाडी देणारा भाऊ किती जणींना मिळतो, असं मी क्लासमधल्या मैत्रिणींनाही ऐकवलं.

त्या कॉम्प्युटरच्या पुस्तिकेत शेवटी एक पान होतं. आतल्या आकड्यांना कुलूप लावता येतं. पासवर्ड दिला की दुसऱ्या कोणी लॅपटॉप जोडला तरी आकडे दिसत नाहीत. आजूबाजूची गॅरेजं कशी आहेत ते मला माहीत होतं, आज दादाने जे केलं ते उद्या समोरच्याकडे निम्म्या भावात. म्हणून ते पान मी त्याला मोठ्या उत्साहाने वाचून दाखवलं. म्हटलं, "बघ, आपली मेहनत कोणी चोरू शकणार नाही." दादाने ते पान पुन्हा वाचायला लावलं. पुस्तिकेतलं दुसरं काही त्याने दोनदा ऐकलं नव्हतं.

केतनभाईंच्या नातेवाइकाने डबा आणला, केतनभाईंनी स्वतःचा लॅपटॉप दिला, आणि आमचे रविवार सुरू झाले. हजीऱ्याचा रस्ता रविवारी सकाळी जरा मोकळा असायचा. शिफ्टच्या बस निघून गेल्या की लांबच लांब सरळ पट्टा, समोर कारखान्यांच्या चिमण्यांवरची ज्योत, उघड्या काचेतून येणारा खारा वारा. दादा चालवायचा, मी शेजारी. लॅपटॉप मांडीला इतका चटके द्यायचा की मी घरून पोळपाट घेऊन जायला लागले. मांडीवर पोळपाट, पोळपाटावर लॅपटॉप. घरी परत येईपर्यंत मायची हाकाटी, "मना पोयपाट कथा गया वं, रंजू?"

आणि कानाला नळी. टोक चपटं केलेली तांब्याची बारीक नळी इंजिनाला बोल्टने बसवली होती, तिला जोडलेली गॅसच्या शेगडीची जुनी नळी डॅशबोर्डमधून आत आणली होती, आणि तिचं टोक माझ्या कानात. इंजिन नॉक करायला लागलं की आत हरभरे उडाल्यासारखा आवाज येतो. गाडीच्या गोंगाटात दादाला तो ऐकू यायचा नाही. मला यायचा. आबांच्या लूमने तयार केलेला कान तिथे कामी आला. "सोड!" म्हणून मी ओरडले की दादा पाय उचलायचा. मी त्या चौकटीत ठिणगी थोडी उशिरा करायची, पेट्रोल थोडं वाढवायची, आणि मग "हं, पुन्हा." तो पुन्हा पाय दाबायचा. एका चौकटीसाठी कधी कधी सगळी सकाळ जायची. मध्येच थांबून ठिणगीचे प्लग काढायचे. पांढरा पडला असेल तर पेट्रोल कमी, काळा असेल तर जास्त. भाकरीच्या पापुद्र्यावरच्या डागांसारखा तपकिरी निघाला की दादा तो तळहातावर घेऊन मला दाखवायचा आणि दोघंही येड्यासारखे हसायचो.

परत येताना पोंक. गाडीच्या बॉनेटवर कागद पसरायचा. बॉनेट गरम, पोंक गरम. दादा माझ्या वाटणीची शेव चोरायचा आणि म्हणायचा, "रंजू, गॅरेजच्या पाटीवर तुझंही नाव टाकू." मी काही मागितलं नव्हतं हो! त्याचं तोच बोलला.

त्या वेळचं सुख खोटं होतं असं म्हणायला माझी जीभ अजून उचलत नाही. माझा खरा राग तोच आहे. वाईट माणसाने फसवलं तर माणूस चार शिव्या घालून मोकळा होतो. हा तर माझ्यासाठी गाडी थांबवून लिंबू जास्त पिळून घेणारा भाऊ होता.

मुंबईचे साहेब जन्मले ते असेच एका दुपारी. केतनभाईंचे काका गॅरेजवर आले होते. गाडी चालवून बघितली, खूश झाले आणि विचारलं की कॉम्प्युटरचं काम कोणी केलं. मी तिथेच उभी, हातात वायर. दादा म्हणाला, "मुंबईथी एन्जिनियर आवे छे." काकांनी माझ्याकडे बघितलं, तर म्हणाला, "मारी बेन छे, टाइपिंग करे छे."

काका गेल्यावर मी पोट धरून हसले. दादाही हसला. "अगं, गिऱ्हाईकाला पोरीबाळींनी केलं म्हटलं तर गाडी परत नेतील. धंद्यात असं बोलावं लागतं." मला पटलं. इतकं पटलं की मीच त्या साहेबांना सजवायला लागले. साहेबांना चष्मा आहे, साहेब चहा पीत नाहीत, साहेबांना न्याहारीला सुरतचा वाफवलेला लोचो लागतो. कोणी गिऱ्हाईक साहेबांना भेटायला आलं की मी आतून गंभीर चेहऱ्याने सांगायची, "आत्ताच स्टेशनवर गेले." आम्ही दोघांनी मिळून वाढवलेला माणूस तो. माझ्याच जागेवर त्याला बसवतो आहोत, हे मला दिसत नव्हतं.

केतनभाईंना तरी खरं माहीत असेल, असं मी धरून चालले होते. एकदा ते आले तेव्हा मी लॅपटॉपवर होते. त्यांनी कौतुकाने वाकून बघितलं आणि दादाला म्हणाले, साहेब फोनवर सांगतात आणि ही लिहून घेते, कमाल आहे, एकही चूक होत नाही! दादा प्लग पुसत राहिला. त्या दिवशी मला हसू आलं नाही. पण मी तरी काय बोलणार होते? समोर गिऱ्हाईक, भावाचं गॅरेज, आणि उत्तरायण तोंडावर आलेलं. घरी जाऊन मी त्याला म्हटलं, "केतनभाईंना तरी सांग." तो म्हणाला, "सांगतो गं. गाडी पुरी होऊ दे."

गाडी पुरी होत आली, तसं माझं लग्नही ठरलं. अमळनेरचं स्थळ. मुलगा चांगला होता, अजूनही आहे, माझ्या शेजारी बसून पोंक खातो. लग्न माघात होतं. शेवटच्या रविवारी दादा म्हणाला, "तू गेल्यावर काही अडलं तर? पासवर्ड मला सांगून ठेव. आणि बदलायचा कसा, तेही दाखव."

सबंध हिवाळाभर मी त्याला लॅपटॉप शिकवायचा प्रयत्न केला होता. फाइल कशी उघडायची, आकडा कसा बदलायचा. तो बोटं उचलून घ्यायचा, म्हणायचा, तुझं तू बघ बाई. त्या दिवशी मात्र नीट खुर्ची ओढून बसला. कुठली कळ, मग कुठली कळ. मी दाखवलं, त्याने करून बघितलं. पुन्हा करून बघितलं. मला आनंद झाला. म्हटलं, चला, शिकला एकदाचा. सासरी जाताना रडले तेव्हा माझ्या रडण्यात तेही होतं, की आता हा एकटा कसं करेल.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. झोके बांधतात, गाणी म्हणतात, चार दिवस कोणी काही बोलत नाही. मीही आले. हातातला चुडा अजून नवा होता. पिशवी टाकली आणि पहिली गॅरेजवर गेले. पांढरी गाडी तिथेच उभी होती, काही तरी किरकोळ कामासाठी आलेली. उन्हाळा कडक, आणि गाडी तर आम्ही थंडीत बसवलेली. हवा तापली की आकडे थोडे बदलावे लागणार हे मला सासरी भाकऱ्या थापतानासुद्धा सारखं वाटत होतं. मी कपाटातला लॅपटॉप काढला, वायर जोडली, पासवर्ड टाकला.

चूक, म्हणाला.

माझंच बोट चुकलं असेल म्हणून पुन्हा टाकला. पुन्हा चूक. खाली इंग्रजीत एक ओळ आली. पासवर्ड विसरला असाल तर आतलं सगळं पुसून नव्याने सुरुवात करता येईल. करायची का? हो असेल तर वाय, नाही तर एन.

दादा मागे येऊन उभा राहिला होता. मी म्हटलं, "बदललास?"

"हो."

"काय आहे?"

त्याने रुमालाने मान पुसली. "रंजू, तू आता त्यांच्या घरची. उद्या पाहुण्यांनी अमळनेरला गॅरेज टाकायचं काढलं, तर? सगळं तुझ्या हातात. माझ्या धंद्याचं काय?"

माझ्या नवऱ्याला तेव्हा सायकलची चेन बसवता येत नव्हती! हे मी त्याला सांगितलंही. तो म्हणाला, "आज नाही, उद्या येईल. माणसाचा भरवसा काय."

भरवसा. हा शब्द त्याने माझ्यासमोर काढला. आणि वर बघितलं तर गॅरेजला नवी पाटी. टर्बो आणि कॉम्प्युटर सेटिंग, मुंबईच्या इंजिनिअरांच्या देखरेखीखाली. त्याच्याखाली फक्त दादाचं नाव. रंग अजून चकचकीत होता. साहेबांना पाटीवर जागा मिळाली होती. माझ्या डोळ्यांसमोर पोळपाट आला, ती नळी आली, हरभऱ्यांचा तो आवाज आला, आणि मग नळीशिवाय सगळ्या उधन्याला ऐकू येईल असं मी दादाला म्हणाले, "तू माझी ओवाळणी परत घेतलीस. ओवाळणी कोणी परत घेतं का रे?"

"कसली ओवाळणी? मस्करीत बोललो होतो ते."

माझं बोट वायवर होतं. एक कळ दाबली असती तर गाडी तिथल्या तिथे मेली असती. केतनभाई धावत आले असते, आणि मुंबईचे साहेब कुठल्या गाडीने येतात ते सगळ्या सुरतेने पाहिलं असतं. मी एन दाबलं. भीती म्हणून नाही, दादाची कीव म्हणूनही नाही. त्या तक्त्यातली एकेक चौकट कुठल्या वळणावर, कुठल्या झाडापाशी भरली ते मला पाठ होतं. माझ्याने ते पुसवेना.

घरी आले तर मायने चेहरा बघून विचारलं, "काय व्हयनं वं?" सांगितलं. तिने ऐकलं, आणि झोक्याची दोरी घट्ट करत म्हणाली, "तो भाऊ शे तुना, वैरी नही." ओवाळणीचं विचारलं तर म्हणाली, तिला काही आठवत नाही. त्याच मायने, जिने कपाळाला हात लावला होता. मला दादापेक्षा त्या क्षणी मायचा जास्त राग आला, आणि पुढे माय गेली तरी तो तिच्याबरोबर गेला नाही, इथेच राहिला.

पुढे यांना हजीऱ्याला नोकरी लागली आणि आम्ही परत सुरतेत, कोसाडला राहायला आलो. म्हणजे तोच रस्ता रोज आमच्या घरात. यांच्या कपड्यांना तोच खारा वास. मी घरच्या पुढच्या खोलीत लूमच्या कंट्रोल कार्डांची दुरुस्ती सुरू केली. दारावर पाटी लावली, माझ्या एकटीच्या नावाची. दादा दर भाऊबीजेला येतो. मी पाट मांडते, ओवाळते. तो ताटात साडीचं पाकीट ठेवतो. मी काही मागत नाही, तो काही विचारत नाही. माय असेपर्यंत ती आमच्या दोघांमध्ये बसून फराळाचं पुढे करायची. आता मधली जागा रिकामी असते.

आणि या वर्षी पोंक आला तसा दादाही आला. न सांगता, ऐन दुपारी. केस सगळे पांढरे झालेत. एका हातात पोंकाचं पुडकं, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. बसला, पाणी प्याला, यांची चौकशी केली. मग पिशवीतून तो डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला.

मी ओळखला नाही असं कसं होईल? कडेला माझ्या सोल्डरिंगचा डाग होता.

"केतनभाईंच्या मुलाला ती गाडी पुन्हा उभी करायचीय," दादा म्हणाला. "हौस म्हणून. जुनं तसंच्या तसं पाहिजे म्हणतो. डबा चांगला आहे, पण पासवर्ड काही आठवत नाही गं. किती वर्षं झाली. सगळं टाकून बघितलं. म्हटलं, रंजूकडे जुना कॉम्प्युटर असतो, तिला जमेल."

जुन्या लूमच्या कार्डांना लागतो म्हणून तसला कॉम्प्युटर मी खरंच ठेवलाय. वायर जोडली. पंखा घरघरला, पडदा उजळला, आणि तीच ओळ आली. पुसून नव्याने सुरुवात करायची का?

मी त्याला मराठीत वाचून दाखवली. म्हटलं, "उघडण्याचा एवढा एकच रस्ता आहे. आतलं सगळं जाईल. आपला तो सगळा हिवाळा."

दादा पुडकं सोडत होता. शेवेची पुडी दातांनी फाडत म्हणाला, "गेलं तर गेलं. तू परत भर की. तुला तर येतंच."

"काय म्हणालास?"

"तुला येतंच, म्हटलं."

इतकी वर्षं मला हे त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. केतनभाईंच्या काकांसमोर, पाटीखाली उभी असताना, मायसमोर, कुठेही. आणि ते आलं ते असं, शेवेची पुडी फाडता फाडता. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मी वाय दाबलं.

फार वेळ लागत नाही त्याला. चौकटी तशाच राहिल्या, उभे फेरे, आडवा दाब, आणि प्रत्येक चौकटीत शून्य. दादा चष्मा लावून वाकला. त्या तक्त्याकडे इतक्या लक्षपूर्वक त्याने पहिल्यांदाच बघितलं असेल.

"सगळी शून्यंच गं?"

"माझं होतं ते मी काढून घेतलं."

तो पोंकाचा कागद माझ्याकडे सरकवून म्हणाला, "मग कधी बसायचं? रविवारी जाऊ हजीऱ्याला, पूर्वीसारखं. मी चालवतो, तू..."

"मुंबईच्या साहेबांना घेऊन जा," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावर मस्करी शोधत असावा. मी वायर काढली, डबा फडक्याने पुसला, त्याच्या पिशवीत घातला आणि पिशवी त्याच्या हातात दिली.

"कुलूप नाही लावलं," मी म्हटलं. "आता खुशाल कोणीही हात लावू दे."